तांदळावर लिहिलेलं नाव

केनवडच्या थांब्यावर रिसोडची बस येईना, तेव्हा पुंजाजींनी पेपर तोंडापुढं धरला आणि प्रवचनाहून परतणाऱ्या सासू-सुनेचं बोलणं ऐकायला घेतलं.

"महाराजानं काय सांगतलं वं शेवटी?"

"डोये मिटा न् स्वतःले इचारा, मी कोन हावो."

"तू तं घोरत होती."

"घोरत नोती, आत्याबाई. इचारलं ना. तुमच्या पोराची बायको म्हणावं, तं ते गेले. माह्या पोराची माय म्हणावं, तं तो पुन्याहून फोनबी करत नाई. मंग आतून माहेरचंच नाव आलं."

"तुळसा काय वाईट हाय? म्याच निवडलं न् लग्नात ताटातल्या तांदळावर लिहून घेतलं."

"वाईट नाई. पन मले कोनं इचारलं होतं?"

"मले तरी कोनं इचारलं? माह्यं जुनं नाव तं आता मलेच आठवत नाई."

"माह्यंबी इसरून जाईन मंग. त्या नावानं हाका मारनारं कोनी उरलंच नाई."

म्हातारी बराच वेळ पायातली चप्पल काढत-घालत राहिली.

"मंजू, ऊठ. बस आली."

पुंजाजींनी पेपर खाली करून रस्त्याकडं पाहिलं. बस कुठंच नव्हती.