हजेरीचं पान

माझा जन्म निरवांगीचा. बापाची तीन एकर, त्यातली निम्मी मुरमाड. धा बुकं शिकलो अन् गावच्या सोसायटीत चिकटलो, आधी शिपाई, मग सचिव, ते रिटायर हुस्तवर तितंच. अजून मला कुनी नावानं हाक मारत न्हाय, सचिवतात्याच म्हनत्यात. काम काय, तर सभा झाली की तिचा वृत्तांत लिव्हायचा. अक्षर माझं लई चांगलं, त्याचा गर्व व्हता मला, खोटं कशाला बोलू. अन् काय सांगू तुमाला, सभंत भांडनं ठरावावरनं कमी, हजेरीवरनंच जास्त. मानूस मागं भिताडाला टेकून झोपलेला आसंल, तरी त्याचं नाव पायजे, बापाच्या नावासकट, न्हाय तर दुसऱ्या दिशी दारात येऊन इचारनार, का वो तात्या, मी काय मेलो व्हतो का? आसल्या मानसांत माझी हयात गेली.

रिटायर झाल्यावर बारामतीच्या एक वकीलबाई भेटल्या. कुटं मोर्चा आसला, रास्ता रोको आसला की त्या तितं निरीक्षक धाडायच्या. पगार न्हाय काय न्हाय, आपल्या मनानं जायचं. त्यांनी आमाला बसवून शिकवलं, घोषना द्यायची न्हाय, भांडन सोडवायला जायचं न्हाय, बाजूला हुबं ऱ्हाऊन बघायचं अन् लिव्हायचं, किती वाजता काय झालं, हुकूम कुनी दिला, त्याच्या छातीवर नाव काय, लाठी उचलायच्या आदी इशारा दिला का न्हाय. अन् एक गोष्ट दोनदा सांगितली बाईंनी, तात्या, लोकांची नावं लिव्हायची न्हाईत, एकाचंबी न्हाय. मी व्हय व्हय म्हनलो. निरीक्षक लिव्हल्यालं पांढरं जाकीट घालून आरशात बघितलं बी.

मग गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमी कालव्याच्या शेपटाची मानसं, वरच्यांचं भिजून उरलं तर आमाला. त्या साली पान्याची पाळी आलीच न्हाय, ऊस वाळला, डाळिंबाची फुलं गळाली. तवा कळंबच्या अलीकडं फाट्यावर लोकं रस्त्यात बसली. जमावबंदी लागली व्हती म्हनं आदल्या दिशी, पर ती कुनाला ठाव! मी जाकीट घालून लिंबाखाली हुबा. वही उघडली, तारीख टाकली, जागा टाकली, अन् खाली हातानं आपसूक लिव्हलं, हजर. बाईंचं सांगनं ध्यानातच न्हाय आलं वो. लोकं बी येऊन इचाराय लागली, तात्या, माझं घेतलं का? मी एकेकाचं सगळं नाव, बापाचं, गावाचं, झ्याक लिव्हीत गेलो.

माझा शेजारी दत्तू, त्याची पोरगी शीतल. शीतलच म्हनू तिला, खरं नाव तुमी लिव्हू नका. ती बापाला भाकरी द्यायला आलेली, बसली बी न्हाय. पोलीस भरतीची तयारी चाललेली तिची, रोज पाटाच्या कडंनं पळायची. दत्तू म्हनला, तात्या, पोरीचं बी टाका की, उद्याची सायबीन हाय. मी हासलो, अन् टाकलं.

बारा वाजून धा मिंटांनी लाठी सुरू झाली. इशारा न्हाय, काय न्हाय. मी ते लिव्हलं. दत्तूचा हात मोडला, कुनी मोडला त्याच्या छातीवरचं नाव वाचलं, ते बी लिव्हलं. मग माझी वही गेली. पोलिसांनी वडून घेतली, मला गाडीत घातलं.

चार दिसांनी गुन्ह्याचा कागद हातात आला. आरोपींची नावं माझ्याच वळीनं, माझ्या हजेरीच्या पानावरनं उतरल्याली. जमावबंदीत हजर ऱ्हानं हाच गुन्हा, अन् हजेरी मी लिव्हल्याली. शीतल एकतिसावी. भरतीत तिचं मैदान झालं, पेपर झाला, यादीत नाव आलं, अन् चौकशीत गुन्हा निघाला. झालं, खलास. आता पळत न्हाय ती. मला बघून तोंड फिरवत न्हाय, हे तर मला जास्तच जाळतंय.

आता सरकारनं मलाच साक्षीदार केलाय. वही माझी म्हनलो, तर फाट्यावर कोन कोन व्हतं त्याला पुरावा. माझी न्हाय म्हनलो, तर लाठीचं लिव्हल्यालं बी बुडालं, दत्तूचा हात आपोआप मोडला म्हनायचा. गावातली चार मानसं येऊन पाया पडली, तात्या, न्हाय म्हना, आमी सुटतो. मी दत्तूकडं गेलो. तो वाकड्या हातानं वैरन टाकीत ऱ्हायला. शीतल चुलीम्होरनं उठून आली. म्हनली, तात्या, माझं जायचं ते गेलं. आबाचा हात कुनी मोडला ते जगात एकाच जागी लिव्हल्यालं हाय, ते बुडवू नका.

सोमवारी साक्ष हाय. व्हय, अक्षर माझंच, आसं म्हननार मी. पांडुरंगानं त्या पोरीचं कल्यान करावं, दुसरं काय मागू? समोर ती आरोपीत हुबी आसनार, अन् मला तिच्याकडं बोट करून सांगावं लागनार, व्हय सायेब, ही हजर व्हती.