मास्तरांची सपाट शर्यत

विश्वास ठेवायचा तरी कुणावर, हे आधी मला सांगा, मग मी तुम्हाला शर्यती निवडून देतो! ही यादी बघा... नऊ शर्यती, नऊच्या नऊ खडीच्या, चाकाला डांबर लागणार नाही अशी हमी, आणि प्रत्येकीपुढं छापलंय, 'सर्वांना झेपेल अशी'! सर्वांना म्हणजे कुणाला हो? तुम्ही सायकल मंडळाचे तरणेताठे लोक माझ्या ताडपत्र्यांच्या गठ्ठ्यांवर मांड्या घालून बसलात आणि म्हणता, "शेठ, वीस वर्षांचा अनुभव तुमचा, यंदा कुठं नाव घालायचं ते तुम्हीच सांगा." कसला आलाय अनुभव! वीस वर्षांत एकोणीस हंगाम निवडले ते मास्तरांनी. मी फक्त दमायचो.

मास्तर म्हणजे समोरचे शिंपी. ते खाली ओढलेलं शटर दिसतंय ना, ते त्यांचं. आता मास्तर शर्यत निवडायचे कशी, ते ऐका. यादी आली की दुपारी गिऱ्हाईक नसताना मला हाक मारायची, कापड बेतायच्या टेबलावर नकाशा अंथरायचा, चार कोपऱ्यांवर चार कात्र्या ठेवायच्या, गळ्यातली टेप काढायची आणि रस्त्याच्या प्रत्येक वळणावरून ती अशी हळूहळू फिरवायची, जशी काही कुणाच्या काखेची गोलाई घेताहेत! मग टाचणी मारायची, खडूनं आकडा टाकायचा, "पंचावन्न किलोमीटर." अंतर बरोब्बर हं, बोटभर चूक नाही. मी विचारायचो, "आणि चढ, मास्तर?" की ते नकाशावरून तळहात फिरवायचे, इस्त्री केल्यासारखा, आणि म्हणायचे, "सपाट आहे, शेठ!"

अहो, नकाशा सपाट असणारच! टेबलावर पसरलाय तो!

पण हे मला तेव्हा सुचायचं नाही, सुचायचं ते तिकडं गेल्यावर, सायकल खांद्यावर घेऊन, एका चढावर जिथं बकऱ्यासुद्धा मध्ये बसून दम खात होत्या... खोटं नाही सांगत, बसल्या होत्या, आणि आमच्याकडं बघत होत्या, म्हणजे त्यांच्या घरी सांगायला त्यांना विषय मिळाला. मी खालून ओरडतोय, "मास्तऽऽर, सपाट होतं ना?" आणि हे वरून गळ्यातला रुमाल हलवताहेत, "एवढा चढ सोडला तर सपाट आहे, शेठ!" एवढा चढ सोडला तर! उद्या म्हणाल, एवढं पाणी सोडलं तर समुद्र कोरडा आहे!

आणि तरी पुढच्या वर्षी मी त्या टेबलाशी हजर. का, ते विचारू नका. दिवसभर दोर मोजून विकणाऱ्या माणसाला कुणीतरी हक्कानं दमवणारा लागतो.

मग मास्तरांना धाप लागायला लागली. आधी चढावर, मग जिन्यावर, मग सुईत दोरा ओवताना. चाळीस वर्षं कापडाची धूळ छातीत गेलेली. डॉक्टर म्हणाले, "सायकल? विसरा." मास्तर म्हणाले, "एकच. शेवटची." डॉक्टरांचा कोट मास्तरांनीच शिवलेला, माणूस भिडेला पडला, "बरं, एकच, पण चढ नको, अजिबात नको."

दुसऱ्या दिवशी मास्तरांच्या घरून वहिनी माझ्या दुकानात. चार हात दोर घेतला, ज्याची त्यांना काडीची गरज नव्हती, आणि मी तो गुंडाळत असताना हळूच म्हणाल्या, "भाऊजी, ह्या खेपेला तुम्ही निवडा. ते टेप घेऊन बसतील आणि म्हणतील सपाट आहे. मला खरंच सपाट हवंय. दारातून गेले तसे दारातून परत यायला हवेत." आता मला सांगा, असं कुणी म्हटल्यावर माणूस दोराचा भाव सांगेल का?

मग मी लागलो कामाला. एकेका आयोजकाला फोन. पहिला म्हणतो, "नमस्काऽऽर! आमचा मार्ग अत्यंत निसर्गरम्य!" मी म्हटलं, चढ किती? "निसर्गरम्य आहे हो!" म्हणजे डोंगर. ठेवला फोन. दुसरा म्हणतो, "चढ आहेत ना साहेब, पण तेवढेच उतारही आहेत, म्हणजे फिट्टंफाट!" अरे, फुप्फुसात फिट्टंफाट होतं का? तिसऱ्या बाई मात्र स्पष्ट, "वय काय?" म्हटलं, एकसष्ट. "काका, घरी बसा." त्यांच्यावर माझा विश्वास बसला, पण उपयोग काय?

राहिली चौथी. कालव्याच्या काठानं बेचाळीस किलोमीटर. एकवीस जायचं एका काठानं, पूल ओलांडायचा, एकवीस परत यायचं दुसऱ्या काठानं. मी म्हटलं, कागदावर नाही जायचं, डोळ्यांनी बघायचं. दुकान एक दिवस बंद ठेवलं, बाटलीत अर्धं पाणी भरलं, ती हँडलला आडवी बांधली, म्हणजे सपाटी बघायला गवंड्याची पाणसळ असते तशी, आणि सगळा रस्ता सायकलनं तपासला. खडीवर त्या पाण्यानं असा नाच केला की चढ की उतार देवाला ठाऊक! तोंडावर उडालं ते वेगळंच. शेवटी कालव्याच्या दारावर एक म्हातारा बसला होता, दारं उघडणारा-बंद करणारा, त्याला विचारलं, "बाबा, रस्ता सपाट आहे का?" त्यानं माझ्याकडं बघितलं, बाटलीकडं बघितलं, कालव्याकडं बोट केलं आणि म्हणाला, "ह्यातलं पाणी कधी चढ चढताना बघितलंयस?"

संपलं! धंद्यात मी एवढंच शिकलोय, ज्याला काही विकायचं नाही त्याचं ऐकावं. येऊन दोघांचा फॉर्म भरला आणि मास्तरांपुढं उभा राहून, आयुष्यात पहिल्यांदा, मी म्हणालो, "सपाट आहे, मास्तर!"

ते असे हसले... आणि मग खोकले, बराच वेळ.

शर्यतीच्या दिवशी तुम्हाला सांगतो, मास्तर उडाले हो! सायकल नव्हे, पाखरू! मी मागं, घाम पुसतोय, आणि हे पुढून ओरडताहेत, "शेठ, दम लागत नाही! डॉक्टरला काही कळत नाही! कोट उगाच शिवला त्याचा!" काठावरचं गवत आम्ही चाललो त्याच दिशेला वाकलेलं, मास्तरांचा शर्ट पाठीला चिकटून पुढं फुगलेला. हे सगळं मला दिसत होतं. दिसत होतं, पण कळत नव्हतं. एकवीस किलोमीटर झाले, पूल ओलांडला, वळलो...

आणि वारा तोंडावर.

अहो वारा! चढ मोजला, उतार मोजला, पाण्याची साक्ष काढली, वारा कुणी विचारलाच नाही! मी तपासायला गेलो त्या दिवशी पान हलत नव्हतं. म्हातारा खोटं नाही बोलला, मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. गिऱ्हाईक मला विचारतं, "ताडपत्री पावसात टिकेल?" मी म्हणतो, टिकेल. उन्हात टिकेल का हे ते विचारत नाही, मीही सांगत नाही. चाळीस वर्षं मी हेच विकतोय, आणि माझ्यावरच ही वेळ आली!

चढाला निदान माथा असतो, हो. वाऱ्याला काय असतं? मी पुढं झालो, म्हटलं, मास्तर, माझ्या पाठीआड या. माझी पाठ म्हणजे काही छोटी नाही, त्यांनीच मापं घेतलेली. आले पाठीआड. दहा किलोमीटर आले. मग मागून चाकाचा आवाज येईना. वळून बघतो तर मास्तर कालव्याच्या कठड्यावर बसलेले, ओठ निळसर, टेप खिशातून अर्धी बाहेर, आणि एकेका शब्दाला श्वास घेत म्हणतात, "सपाट आहे... शेठ... तुम्हीच... म्हणालात."

आणि हसत होते. एकोणीस वर्षं मला फसवलं, त्याची मी आज परतफेड केल्यासारखे.

"तुम्ही जा पुढं," म्हणाले, "पूर्ण करा." मी म्हटलं, गप बसा. बसलो शेजारी. झाडू-गाडी म्हणतात ती आली, मागं राहिलेल्यांना गोळा करणारी, तिच्यात सायकली चढवल्या. शेवटच्या रेषेशी एका पोरीनं दोघांच्या गळ्यात पदकं घालायला हात पुढं केले, "घ्या हो काका, कोण बघतंय?" मास्तरांनी तिचा हात अलगद बाजूला केला. पण घर जवळ आल्यावर माझं मनगट धरलं. "शेठ, घरी बेचाळीस सांगा. नाहीतर तिला वाटेल, तिनंच तुम्हाला चुकीचं काम सांगितलं."

दारातून गेले तसे दारातून परत आले, तेवढं मात्र झालं. वहिनींनी विचारलं, "पूर्ण?" मी म्हटलं, "पूर्ण. बेचाळीस." वहिनींनी नुसती मान हलवली, "सपाट होती ना, म्हणून." पुढं दोन महिन्यांनी मास्तर गेले. त्या दिवशीही भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला वहिनी सांगत होत्या, अजून सांगतात, "शेवटची शर्यत पूर्ण केली त्यांनी. भाऊजींनी निवडली होती." आणि मी शेजारी उभा राहून मान डोलावतो. भाऊजींनी निवडली होती! काय निवड, काय निवड!

तर आता मला यादी दाखवू नका. कुठंही नाव घाला, फक्त त्या गावच्या माणसाला वारा कुठून येतो ते विचारून घ्या, एवढंच माझं शिकलेलं. आणि जाता जाता एक काम करा. मंडळाच्या वहीत मागच्या हंगामाचं पान अजून कोरं ठेवलंय तुम्ही, मला विचारायचा संकोच वाटतो म्हणून, ठाऊक आहे मला. मास्तरांच्या नावापुढं एकतीस लिहा. माणसानं आयुष्यात कुणाचं कापड वीतभर मारलं नाही, त्यांच्या पदरात फुकटचे अकरा किलोमीटर टाकू नका. माझ्या नावापुढंही एकतीसच लिहा. वहिनी कधी आल्याच तर वही मिटून चहा मागवा, ते माझ्याकडं लागलं... पण हिशेब मात्र नीट ठेवा, बाबांनो.