दहा मिनिटांच्या थांब्याची गावं

बायको : अहो, ब्रेक दाबणं थांबवा आता! बस उभी राहिलीय. उतरा.

ड्रायव्हर : मी कुठे दाबतोय? पाय टेकवलाय नुसता.

बायको : सकाळपासून टेकवताय. दोन गावं झाली, हे तिसरं. तुमच्या पायाने सीट ढकलली जाऊन पुढच्या बाई दर वळणाला मागे वळून डोळे वटारत होत्या. चला, चला! तो बघा मनोरा! इथूनसुद्धा घड्याळाचे काटे दिसतात!

ड्रायव्हर : स्टँडच्या आतून अर्धाच दिसायचा. मधे ते पत्र्याचं छप्पर येतं.

बायको : म्हणजे उभा जन्म या रस्त्यावर बस चालवलीत आणि मनोरा अर्धाच बघितलात?

ड्रायव्हर : थांबा दहा मिनिटांचा असतो गं. टायर बघायचे, चहा घशाखाली उतरवायचा, गाडी वळवायची. गावं बघत बसलो असतो तर नोकरी कोणी केली असती?

बायको : म्हणून तर रिटायर झाल्या झाल्या तुम्हाला ओढून आणलं. आणि काय सांगू, मला वेड लागायची पाळी आलीय! त्या पहिल्या गावातला दगडी पूल! किती पिढ्या चालल्या असतील, मधले दगड झिजून खोलगट झालेत. मी चप्पल काढून चालले!

ड्रायव्हर : लोक बघत होते.

बायको : बघू देत! आणि दुसऱ्या गावातला तो दरवाजा! हत्ती जाईल एवढं दार, आणि त्याच्यातच माणसापुरतं छोटं दार. तुमचं डोकं आपटलं तेव्हा खरं तर मला हसू आवरत नव्हतं.

ड्रायव्हर : आवरलं कुठे होतंस?

बायको : आणि त्या गल्लीत घरं इतकी जवळजवळ, की दोन बायका आपापल्या खिडकीत बसून एकच भाजी निवडत होत्या! हे सगळं तुमच्या स्टँडपासून हाकेच्या अंतरावर, आणि तुम्ही मला इतकी वर्षं काय सांगायचात? 'काही नाही गं, रस्ता खराब आहे.'

ड्रायव्हर : होताच खराब.

बायको : पण तुमचं तोंड का उतरलंय? निघताना केवढी ऐट होती! 'चल तू, त्या भागात मला कुत्रंसुद्धा ओळखतं.'

ड्रायव्हर : कुत्र्याचं माहीत नाही. माणसं ओळखत नाहीत.

बायको : ओळखतील हो.

ड्रायव्हर : पुलावर तो म्हातारा होता ना, टोपीवाला? दर आठवड्याला माझ्या गाडीत असायचा. मी मुद्दाम समोर जाऊन उभा राहिलो. मला म्हणतो, 'पाहुणे कुठले?'

बायको : अगं बाई!

ड्रायव्हर : हस, हस. चहावाल्याकडे बघून मी ओळखीचं हसलो, तर तो म्हणाला, 'साखर कमी हवी का?'

बायको : नाही हसत. हे बघा, नाही हसत.

ड्रायव्हर : खरं सांगू? वाईट वाटलं मला. धाकटीला ताप आला तेव्हा मी घरी नव्हतो. थोरल्याचा निकाल लागला तेव्हा नव्हतो. मनाशी म्हणायचो, असू दे, तिकडची माणसं तरी आपली झालीत. आता कळतंय, तिकडेही मी कुणाचा कोणी नव्हतो. मग इतकी वर्षं मी होतो तरी कुठे?

बायको : असं काय बोलता हो? मला चैन पडणार नाही आता. आधी वर चला. उंचावर गेलं की माणसाला बरं वाटतं.

ड्रायव्हर : कोण म्हणतं?

बायको : मी म्हणते. आत्ताच. चला!

(मनोऱ्याचा अरुंद गोल जिना. बायको बरीच पुढे. ड्रायव्हरच्या मागून एक अनोळखी बाई चढते आहे.)

बायको : अहो! इथे घड्याळाची चाकं दिसतात! फिरतायत! केवढं ते दातेरी चाक, आपल्या जेवणाच्या टेबलाएवढं! लवकर या!

ड्रायव्हर : येतोय. चढ उभा आहे, दुसऱ्या गिअरवरच यावं लागतं.

मागची बाई : अहो काका... थांबा. थांबा जरा.

ड्रायव्हर : पुढे जायचंय का? जागा नाही हो इथे.

मागची बाई : नाही, नाही. तुम्ही नुसते चढा. अजून एक वळण घ्या. बघा! ओढलीत! कानाची पाळी ओढलीत! तुम्ही पहिल्या बसचे ड्रायव्हरकाका!

ड्रायव्हर : हो. पण तुम्ही?

मागची बाई : मी नर्स. घाटापलीकडच्या दवाखान्यात होते. रात्रपाळी संपली की तुमचीच बस. आम्ही चौघी तुमच्या मागच्याच बाकावर!

बायको : काय झालं? कोण आहे?

नर्स : काकू, घाटात वळण आलं की हे आधी कानाची पाळी ओढणार, मग गाडी वळवणार! चौघी पैजा लावायचो!

बायको : घरी तर कधी ओढली नाही!

ड्रायव्हर : घरी वळणं कुठे असतात?

बायको : म्हणजे तू ओळखलंस यांना? खरंच ओळखलंस? वर या, वर या दोघं! उजेडात नीट बघ गं त्यांच्याकडे!

नर्स : चेहरा मात्र अगदीच नवा आहे हो. मिशा पहिल्यापासून होत्या?

ड्रायव्हर : लग्नाच्या आधीपासून.

नर्स : कमाल आहे! आम्हाला आरशात नुसतं कपाळ दिसायचं. थांबा हं, आई खाली बाकावर बसलीय, गुडघ्यांमुळे चढत नाही. आई! ए आई! वर बघ, कोण आलंय! ओळखलंस? ...म्हणतेय, 'कोणी का असेना, वाकू नकोस.' काका, जरा उलटे उभे राहता? कठड्याकडे पाठ. हां. आई, आता बघ!

बायको : काय म्हणतायत? ओळखलं का? सांग ना!

नर्स : उठून उभी राहिली! एरवी दोघांनी धरावं लागतं! म्हणतेय, 'अगं, हा तर आपला ड्रायव्हर!' खालचा शिंपीही दुकानातून बाहेर आलाय. तो पण म्हणतोय, आपलेच ते.

बायको : आपले म्हणाला?

नर्स : सगळे तसंच म्हणायचे. काका, रात्रभर पेशंट उचलून आमच्या पाठीचे तुकडे पडलेले असायचे. बसमध्ये चढलं की पहिल्यांदा पुढे बघायचं. तुमची मान दिसली की खिडकीला डोकं टेकून डोळे मिटायचे. दुसरा कोणी असला, की घाट उतरेपर्यंत चौघी टक्क जाग्या.

ड्रायव्हर : मला वाटायचं, मागे कोणी बोलत कसं नाही.

नर्स : झोपलेलो असायचो हो! सगळी बस झोपलेली असायची!

ड्रायव्हर : असं होय...

नर्स : अजून माणसं जमली बघा खाली. हात करतायत. काकू, सांगा ना काकांना लोकांकडे वळायला.

बायको : अहो, हा घ्या रुमाल. ...थांब गं जरा. अजून थोडा वेळ पाठच बघू देत त्यांना.