बॅटरीचं पाणी, लग्नाचं वरण

आमच्या औशाच्या मामांचं मंगल कार्यालय. ऐन दुष्काळात त्यांनी गोल्फच्या मैदानावर फिरवतात तसली जुनी बॅटरीची गाडी घेतली. नवरा-नवरी तिच्यात बसून मांडवात येणार म्हणून गावभर सांगून ठेवलं. पहिलंच लग्न संध्याकाळचं, आणि सकाळी गाडी चार्जच होईना.

"भाच्या, तू इंजिनिअर हायस, बघ की," मामा म्हणाले.

मी प्लग, वायर, चार्जर सगळं तपासलं. शेवटी बॅटरीची झाकणं उघडली, तर पाणी पार तळाला गेलेलं. मग लातूरला जाऊन डिस्टिल्ड वॉटरचा मोठा कॅन आणला, स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवला आणि चहा प्यायला बसलो. उठून बघतो तर कॅन रिकामा!

मामी खुशीत म्हणाल्या, "टँकरच्या खाऱ्या पाण्यात डाळ सकाळधरनं शिजंना. तुमच्या पाण्यानं लोण्यावानी झाली बघा!"

पुन्हा लातूर गाठून गाडी चार्ज करायला वेळच उरला नव्हता. संध्याकाळी नवरा-नवरी गाडीत ऐटीत बसले होते आणि मागून मी अन् मामा ढकलत होतो.

मामा धापा टाकत मामीवर खेकसले, "तुझ्यापायी हे करायलोय!"

"गाडी ढकलता तरी येती," मामी म्हणाल्या. "कच्ची डाळ वऱ्हाडाच्या घशात कशी ढकलली असती?"