नानांच्या फियाटचे टॅपेट

तुम्ही हसाल, पण सांगते. केळव्याच्या नानांच्या जुन्या फियाटच्या इंजिनाला तीस वर्षं माझ्याशिवाय कुणी हात लावला नव्हता. गेल्या महिन्यात मात्र ते बोईसरच्या नव्या मिस्त्रीकडून टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हच्या फटी, सेट करून आले आणि वर माझ्याच गॅरेजच्या दारात गाडी उभी करून म्हणाले, "बाय, आवाज आयक तं!"

माझा नुसता जळफळाट झाला. म्हटलं, "खडखडतंय नाना. इंजिन थंड होऊ द्या, मग बघते."

थंड झाल्यावर झाकण उघडलं. टॅपेटच्या फटी मी दाढीच्या ब्लेडने तपासते. माझी मीच शिकले. पहिली फट बरोबर. दुसरीही. आठच्या आठ बरोबर! मेल्याने एक तरी चूक ठेवायची होती!

एकही स्क्रू न फिरवता मुकाट्याने झाकण लावलं. नानांनी गाडी चालू केली आणि खूश झाले. "बघ, तुझा हात लागला नि आवाजच बदलला! तो बोईसरवाला कायच कामाचा नाय."

मी मान हलवली, काय करणार? तीस वर्षांत नानांनी इतकं कौतुक कधी केलं नव्हतं, आणि केलं तेही त्या मेल्याच्या कामाचं.