खोडलेला 'नाही'

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, प्रयोगशाळेतील सहकारी आणि आज निवृत्त होत असलेल्या आमच्या प्रमुख, बाई,

बाईंबद्दल चार चांगले शब्द मी लिहून आणले होते. पण आत्ताच अध्यक्ष म्हणाले, 'एक चूक सोडली, तर बाईंची कारकीर्द निष्कलंक आहे.' त्या चुकीबद्दल बोलल्याशिवाय मला खाली बसता येणार नाही.

तीन वर्षांपूर्वी मी इथे नवी होते. आमच्या घरात शिकलेली मी पहिलीच; छापलेलं सगळं खरं मानणारी. एचआयव्हीचे, अजून उपचार सुरू न झालेले रुग्ण आपण तपासत होतो. शिवणकाम करणाऱ्या एका ताईंच्या विषाणूत औषधाला दाद न देणारा बदल सापडला. अर्जावर होतं, 'पूर्वी औषध घेतलं? नाही.' पुस्तकात मी वाचलं होतं, असा बदल औषधामुळे होतो. मग औषधाशिवाय होईलच कसा? ताई लपवताहेत. मी 'नाही' खोडून 'हो' लिहिलं. कोणाला विचारलं? कोणालाच नाही.

तो कागद पाहून डॉक्टर ताईंना म्हणाले, "खरं सांगत नाही, तर उपचार कसे करू?" ताई यायच्याच बंद झाल्या. सहा महिने औषधाविना गेले.

खाडाखोड बाईंनी पकडली. "अगं, औषध न घेतलेल्यांतही असे बदल निसर्गतः असू शकतात. तेच शोधायला बसलोय ना आपण? सापडलं, आणि तू पुसून टाकलंस."

मग मला घेऊन बाई ताईंच्या शिवणाच्या दुकानात गेल्या. ताईंनी शिवण थांबवली नाही. "तुमच्या यंत्रानं मला खोटं पाडलं ना?"

बाई म्हणाल्या, "यंत्र बरोबरच होतं. खोटं आम्ही पाडलं."

ताई उपचारांना परतल्या, पण तोवर आजार बळावून त्यांची एका डोळ्याची नजर गेली होती.

चौकशीत बाई एवढंच म्हणाल्या, "त्या कागदाखाली सही माझी आहे." चुकीचा शेरा त्यांच्या नावावर लागला. मी गप्प बसले. नोकरी कच्ची होती, घर माझ्यावर होतं. ही कारणं झाली. त्या कारणांनी मी सुटत नाही.

अध्यक्ष महोदय, तो शेरा माझ्या नावावर घ्यावा, असा अर्ज मी आपल्यासमोर ठेवते आहे. बाई, मान हलवू नका. आज मी ऐकणार नाही.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, मी आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर तेवढं पोटात घाला. तो खोडलेला 'नाही' मात्र घालू नका.