बंपरवरचं लिंबू

सांगू का, बाबांची जुनी अमेरिकन मसल कार एका लिंबामुळे सरकारी तपासणीत जवळजवळ नापास झाली होती.

बाबांनी ती चार वर्षं खपून उभी केली. इंजिन, ब्रेक, सगळं नवं. जर्मनीत असा प्रत्येक बदल कागदावर नोंदवावा लागतो, नाहीतर गाडी रस्त्यावर आणता येत नाही. बाबांची फाइल जाडजूड होती. तपासणीच्या दिवशी तपासनीस एकेक पान उलटत "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे 'अगदी बरोबर', म्हणत होता. मग तो पुढच्या बंपरपाशी वाकला.

"आणि हे?"

आईने टांगलेलं लिंबू-मिरची! त्याचा कागद नव्हता. बाबा माझ्याकडे बघायला लागले. अनोळखी माणसासमोर माझा आवाजच फुटत नाही, तरी मी कसंबसं जर्मनमध्ये म्हणाले, "दृष्ट लागू नये म्हणून. दर शनिवारी बदलतात."

"दर आठवड्याला देखभाल? उत्तम!" त्याने लिंबू दाबून पाहिलं. ते सुपारीसारखं कडक होतं.

गाडी पास झाली. अहवालात एकच किरकोळ दोष होता: 'लिंबाची मुदत संपलेली आहे.'

घरी आईने तो अहवाल वाचून घेतला आणि बाबांना म्हणाली, "अहो, तीन शनिवार सांगतेय, लिंबू बदला. माझं ऐकलं नाहीत. आता घ्या, शिक्क्यासकट!"